दहावी नावाची मूर्ती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वकिली करणाऱ्या सख्ख्या भावालाही नाही. आर्ट गॅलरी चालवणाऱ्या एका बाईंची चोरीची फिर्याद आमच्या ठाण्याने खोटी ठरवली होती. तो अहवाल मी लिहिला आणि सहीही माझीच आहे. सही करताना फिर्याद खरी आहे हे मला माहीत होतं. माल कुठे गेला तेही माहीत होतं, कारण तो मीच घालवला होता.

पोलीस खात्यातला माणूस आठवणी लिहायला बसला की त्यात एक सराईत गुन्हेगार येतो, एक खबरी येतो, आणि शेवटी साहेबांचं डोकं चालतं. माझ्याही आठवणीत खबरी आहे. डोकंही चाललं. कसं चाललं ते पुढे येईलच. नाव कुणाचंच घेणार नाही. गाव हिंगोली जिल्ह्यातलं, हळदीच्या बाजाराचं, एवढं पुरे. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो.

आधी बाईंविषयी. वडील तहसील कचेरीत कारकून. मुलगी चित्रकला शिकायला जाते म्हणाली तेव्हा कचेरीतल्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं, डी.एड.ला घाला, निदान नोकरी लागेल. ती गेली. शिकून झाल्यावर मुंबईत एका गॅलरीत लागली. सुरुवातीला चित्रं खोक्यात बांधणं आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या लिहिणं एवढंच काम. पुढे कुणाचं काम लावायचं हे ती ठरवू लागली. चाळिशी गाठल्यावर सगळं सोडून गावी परतली आणि मोंढ्यामागचं हळदीचं जुनं गोदाम भाड्याने घेतलं. आतून चुना मारला. पिवळा रंग वर आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी तिने रंगाऱ्याला म्हटलं, "राहू दे. इथं भिंती अशाच असतात असं सांगू."

गावाने तिची भरपूर टिंगल केली. चित्र पाहायला पैसे लागत नाहीत हे कळल्यावर लोक येऊ लागले, ते मुख्यतः कूलरसमोर बसायला. एका आडत्याने एक चित्र बघून विचारलं, "म्याडम, हे उलटं तं न्हाई लटकवलं?" त्या म्हणाल्या, "सुलटं करून दाखवा, काका." त्याने खरंच काढून फिरवून लावलं. बाईंनी ते संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं आणि चित्रकाराला फोन करून कळवलं. अशी बाई. पण काम घेतलं की पोच द्यायची, आणि पोचेवर एक ओळ असायची: वस्तू जशी आली तशी परत जाईल. कलाकार शहरातला असो की शेतातला, तीच ओळ. चार-पाच वर्षांत बाहेरगावचे लोक गाडी करून आमच्या गावात चित्रं बघायला येऊ लागले. आम्हाला ते फक्त एवढ्यासाठी माहीत, की त्यांच्या गाड्या चुकीच्या ठिकाणी उभ्या असायच्या.

एका मंगळवारी सकाळी त्या ठाण्यात आल्या. ठाणे अंमलदार म्हणून एक जुना हवालदार होता. अक्षर मोत्यासारखं, कान जरा कमी. माझ्या केबिनचं दार उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"काय गेलं, म्याडम?"

"शिल्प."

"म्हंजी मूर्ती."

"मूर्ती नाही हो. शिल्प. त्याचं नाव 'दहावी'."

हवालदाराचं पेन थांबलं. "दहावी? मंग बाकीच्या नऊ शाबूत हायत का?"

"शिल्प एकच आहे. नऊ भागांत आहे."

"एकच हाय तं मंग दहावी कशी?"

"काका, त्यात नऊ मुली आहेत."

"व्हय का. देवीची रूपं."

"शाळेतल्या मुली."

मी केबिनमध्ये बसून हसलो. हसलो, हेही इथे लिहून ठेवतो. एफआयआर तयार झाली: 'दहावी नावाची लोखंडी मूर्ती, स्त्रीरूपी, नऊ भागांत.' बाईंनी वाचून सांगितलं, मूर्ती शब्द खोडा. हवालदार म्हणाला, "खाडाखोड चालत न्हाई म्याडम ह्याच्यात. कंसात शिल्प टाकतो." तसं टाकलं. त्यांनी एका पाकिटात फोटो दिले होते. पाकीट फाइलला टाचलं गेलं आणि कुणी उघडलं नाही. ठाण्यात येणारं प्रत्येक पाकीट उघडायचं असतं, पण जे पाकीट फिर्यादी स्वतः आणून देतो त्यात फिर्यादीच्याच गोष्टी असणार, असा आमचा समज असतो.

आता कुणी विचारेल, बाईंनी साध्या शब्दांत का नाही सांगितलं? ते मला फार नंतर कळलं. ती वस्तू लागल्यापासून गाव तिला एकाच नावाने ओळखत होतं, आणि ते नाव बाईंना सहन होत नव्हतं. आठ महिने त्या प्रत्येकाला सांगत होत्या, तसं म्हणू नका, शिल्प म्हणा. ठाण्यात पोचेपर्यंत ती सवय झाली होती.

घटनास्थळाचा पंचनामा झाला. गोदामाच्या बाजूला, शाळेच्या रस्त्याकडे तोंड करून, पत्र्याचं एक मोकळं शेड. शेड रिकामं. जमिनीवर टेम्पोच्या टायरच्या खुणा. त्यावरून चोरटे वाहन घेऊन आले असावेत, असं आम्ही लिहिलं. ते अगदी बरोबर होतं.

दोन दिवस आम्ही मूर्ती शोधली. जिल्ह्यात मूर्तीचोरीची जुनी प्रकरणं होती, त्यांची यादी काढली. एका म्हाताऱ्या सराईताला आणून बसवला. त्याचा प्रश्न असा: "साहेब, शाळंतल्या पोरींच्या मूर्त्या कोन चोरंल? आमी देव चोरायचो. धंद्याला काही इज्जत हाय का न्हाई?" त्याला चहा देऊन सोडलं.

तिसऱ्या दिवशी खबर आली. गॅलरीसमोर झेरॉक्सचं दुकान होतं, त्याचा मालक आमचा माणूस. खबरी लोकांविषयी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. त्यांना काही माहीत असतंच असं नाही, पण रिकाम्या हाताने साहेबाकडे जायला त्यांना आवडत नाही. तो म्हणाला, "म्याडमनंच हलवली असंल, साहेब. दिल्लीला मोठ्या प्रदर्शनात न्यायची व्हती. बनवनारा न्हाई म्हनून राहिला व्हता. माह्या दुकानात दोघांची तकरार झाली, मी या कानानं ऐकली."

हे पोलिसाला पटण्यासारखं होतं. कलावंत आणि व्यापारी भांडले, माल नाहीसा झाला. शिवाय चोरीची बातमी झाली की नाव होतं. मी बनवणाऱ्याला उचलला.

तो आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचा. पन्नाशीचा माणूस, वेल्डिंगचं दुकान, मनगटापर्यंत ठिणग्यांचे डाग. त्याला सकाळी बाकावर बसवलं आणि दुपारी समोर घेतलं. प्रश्न एकच होता: मूर्ती कुठे आहे? त्याचं उत्तरही एकच, "कोन्ती मूर्ती?" आम्हाला वाटलं, बेरकी आहे. तासाभराने मी त्याच्या थोबाडीत दिली. हातात अधिकार असला की साध्या माणसाला मारायला काही लागत नाही, हेही लिहून ठेवतो.

गाल चोळत तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यात पाणी नव्हतं. वैतागलेला होता.

"काहून मारून राहिले, साहेब? मगापासून मूर्ती मूर्ती. मी मूर्तिकार न्हाई, वेल्डिंगवाला हाय. सायकली हायत त्या, सारं गाव तेच म्हनतं. नऊ सायकली. लेडीज."

दारात बीटचा जमादार चहाचा कप घेऊन उभा होता. "साहेब," एवढंच म्हणाला, आणि कप टेबलावर न ठेवता तसाच बाहेर घेऊन गेला.

तपासात उलगडा होतो तेव्हा आनंद होतो, असं मी तरुण फौजदारांना शिकवत आलो होतो. त्या दुपारी मी स्टेशन डायरी मागवली आणि रविवारचं पान उघडलं.

झालं होतं ते असं. फिर्याद आली त्याच्या आदल्या दिवशी वरिष्ठांची वार्षिक तपासणी होती. तपासणी म्हणजे ठाण्याचं लग्नघर. रंगरंगोटी, रजिस्टरं पूर्ण करणं, आवारातला जुना माल हलवणं. त्यातच रस्त्यावरची बेवारस वाहनं उचलण्याचा हुकूम आला होता. जमादाराने रविवारी टेम्पो नेला आणि पत्र्याच्या शेडमध्ये एका ओळीत उभ्या असलेल्या गंजक्या नऊ सायकली उचलून आणल्या. स्टेशन डायरीत एक ओळ लिहिली: बेवारस सायकली नऊ आणल्या. रीतसर गेलं असतं तर त्यांचा पंचनामा, मुद्देमाल रजिस्टरला नोंद, जाहीर नोटीस आणि सहा महिने वाट पाहणं. पण तपासणी सोमवारी होती. विल्हेवाटीची मंजुरी मिळालेला जुना लोखंडी माल आवारात पडला होता, भंगारवाल्याचा ट्रक दारात उभा होता. मी आवारात उभा राहिलो आणि बोट दाखवलं. "ह्यापण टाका त्यात. नोंद करू नका, नवीन भानगड नको."

एका सायकलीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात मुलीचं नाव होतं. ते मी वाचलं. ज्या वस्तूवर नाव आहे ती बेवारस नसते, हे नवा शिपाईसुद्धा जाणतो. मी वाचलं, आणि मग दुसरीकडे बघितलं.

जमादाराला केबिनमध्ये घेऊन दार लावलं.

"तिथं काही पाटी नव्हती?"

"व्हती साहेब. भितीवर 'दहावी' लिव्हलं व्हतं. मला वाटलं, क्लासवाल्याची पाटी."

"चाकं फिरत नव्हती, तेव्हा तरी शंका आली नाही?"

"गंजून जाम झाली म्हनलं. उचलून टाकल्या."

चाकं गंजून जाम झाली नव्हती. वेल्डिंगवाल्याने मुद्दाम प्रत्येक चाकाला एकेक टाका घातला होता. हे त्यानेच मला नंतर बाकावर बसून समजावलं, कुठलाही राग न ठेवता, गिऱ्हाइकाला समजावावं तसं. शाळेत जायला मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळाल्या होत्या. आसपासच्या गावांतल्या नऊ मुलींची दहावीच्या आधीच लग्नं लावली गेली आणि सायकली गोठ्यात पडून राहिल्या. त्याने घरोघर जाऊन त्या मागून आणल्या, मुलींना विचारून मडगार्डवर त्यांची नावं घातली, चाकं बंद केली आणि शाळेच्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या केल्या. "पोरी रोज तिथून जात्यात साहेब. थांबत्यात, नाव वाचत्यात. एखादी म्हनते, ही तं माह्या वर्गात व्हती. दिल्लीत कोन वाचनार? म्हून मी न्हाई म्हनलो." टाका एकेकच होता. परत द्यायची वेळ आली की छिन्नीने तोडून द्यायचा, असा बाईंचा मुलींच्या आयांना शब्द होता. नऊ पोचा दिल्या होत्या.

मी खासगी गाडीने भंगारवाल्याकडे गेलो.

"तो माल गेला ना साहेब जालन्याला. भट्टीत. काहून, काही लफडं हाय का?"

"नाही."

"तुमीच तं पाठवला."

"हो. विसरून जा."

परतताना मी काय ठरवलं ते आता सांगतो, कारण खरा गुन्हा तिथून सुरू होतो. आवारातली गोष्ट निष्काळजीपणाची होती. वरिष्ठांना पत्र लिहून कबूल केली असती तर विभागीय चौकशी लागली असती, कदाचित निलंबन. मेलो नसतो. मी स्वतःला सांगितलं, जमादाराच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय, त्याचं काय होईल? जमादाराची आठवण मला त्याआधी कधी आली नव्हती.

ज्या गुन्ह्यात कुणाला आरोपी करता येत नाही, तो आम्ही समरी पाठवून बंद करतो. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, चोर मिळाला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी आणि खोडसाळ. 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली. मी 'अ' लिहू शकत होतो. कुणी हरकत घेतली नसती. बाई अभागी ठरल्या असत्या आणि गोष्ट मिटली असती. पण 'अ' झालेला गुन्हा मरत नाही. नवा अधिकारी येतो, फाइल उघडतो, डायरी चाळतो. बाई अर्ज करत राहतील हे मी ओळखलं होतं. 'ब' झाला की फिर्यादीचं पुढचं कुणी ऐकत नाही. इथे साहेबांचं डोकं चाललं.

पुरावा? तो आमच्याच चुकीने तयार करून ठेवला होता. मी लिहिलं: फिर्यादीमध्ये चोरीस गेलेली वस्तू मूर्ती असल्याचे नमूद आहे, तर ती बनविणारा साक्षीदार सायकली असल्याचे सांगतो. फिर्यादीस मालाचे वर्णनही सुसंगत सांगता येत नाही. दोघांमध्ये वाद होता. प्रसिद्धीसाठी बनाव केल्याचे दिसून येते. खाली झेरॉक्सवाल्याचा जबाब जोडला. हवालदाराच्या अज्ञानाचा मी बाईंच्या विरुद्ध पुरावा केला. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी यापेक्षा नेटका अहवाल लिहिलेला नाही.

अहवालाची प्रत घेऊन त्या आल्या. उभ्याच राहिल्या.

"साहेब, मूर्ती हा शब्द तुमच्या माणसाचा आहे. मी खोडा म्हणाले होते."

"सही तुमची आहे, मॅडम."

"फोटो दिले होते."

"फोटोवरून वस्तू होती हे कळतं. चोरी झाली हे कळत नाही."

त्यांनी अहवालाची घडी घातली. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलले. खोटी फिर्याद दिली तर केस होते ना?"

"होते. पण आम्ही तसं काही करणार नाही. मोठ्या मनानं सोडून देतोय."

"सोडू नका. करा."

"मॅडम, घरी जा."

"करा माझ्यावर केस. मी पिंजऱ्यात उभी राहते. मग तुम्हालाही एकेकाला उभं राहून शपथ घ्यावी लागेल. मोठं मन तुमच्याकडेच ठेवा, मला खटला पाहिजे."

बाहेर बाकावर बसलेले दोघे-तिघे ऐकत होते. मी शिपायाला हाक मारली. शिपाई यायच्या आत त्या निघून गेल्या होत्या.

पुढे दर महिन्याला त्यांचा अर्ज येऊ लागला. विषय एकच: माझ्याविरुद्ध खोट्या फिर्यादीबद्दल कारवाई करणेबाबत. आवकचा शिक्का मारून घ्यायच्या, पोच घ्यायच्या, जायच्या. हवालदार म्हणायचा, "साहेब, सोडा म्हनून पाय धरनारे लई पाह्यले. धरा म्हनून मागं लागलेली ही पयलीच." तो हसायचा. माझ्याने हसवत नव्हतं. खटला उभा राहिला असता तर स्टेशन डायरीतली ती एक ओळ न्यायालयात वाचली गेली असती. न्यायालयात त्यांनी समरीला हरकत घेतली. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. तो माझ्याकडे होता. 'ब' मंजूर झाली.

दिल्लीचं निमंत्रण गेलं. एका स्थानिक वर्तमानपत्राने 'बनाव' असा मथळा दिला, तो आमच्याच अहवालातला शब्द होता. तीन कलाकारांनी आपली कामं परत नेली. त्यांचाही दोष नाही. जी बाई माल चोरीला गेला असं खोटं सांगते तिच्याकडे कोण आपली वस्तू ठेवील? गॅलरीवाल्याचा सगळा व्यवहार त्याच एका भरवशावर असतो. पंचवीस वर्षं घालवून मिळवलेला तो भरवसा मी दीड पानात संपवला.

मग हट्टा गावाकडच्या एका शेतकरी घरातली बाई ठाण्यात आली. पदराच्या गाठीतून पोच काढून माझ्यासमोर ठेवली. तिची मुलगी दीड वर्षाने सासर सोडून परत आली होती आणि दहावीला बसायचं म्हणत होती. शाळा दूर.

"म्याडमकडं गेलते साहेब. त्या म्हनल्या, मावशी, नवी घेऊन देते. मी म्हनलं, तुमी काहून देता? तुमाला बी तं लुटलंच की. चोराकून घेऊन द्या माह्या लेकराची. म्हून इथं आले."

मी म्हटलं, "तपास चालू आहे." तपास बंद होऊन चार महिने झाले होते.

"एक इचारू का? राग मानू नका. लोकं म्हनत्यात, चोर कोन हाय ते पोलिसाला बराबर ठाऊक असतं, फकस्त सांगत न्हाईत. खरं हाय का?"

त्या बाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी शिपायाला चहा आणायला सांगितलं. तिने चहा घेतला नाही. "पोरगी बाहेर उभी हाय," म्हणाली, पोच पुन्हा गाठीत बांधली आणि गेली. खिडकीतून मला ती मुलगी दिसली. कमरेवर हात ठेवून ठाण्याच्या आवारातल्या सायकलींच्या ढिगाकडे बघत होती. एकेक सायकल नजरेने तपासत होती. मी खिडकी लावून घेतली.

त्यानंतर मी तीन ठाणी केली, दोन प्रशस्तिपत्रं घेतली. बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारण विचारणाऱ्यांना रक्तदाब सांगितला. रक्तदाब आहेच.

गेल्या महिन्यात मी त्या गॅलरीत गेलो. ती बंद पडली असेल असं मला वाटलं होतं, किंवा मनातून तसं हवं होतं म्हणा. बंद पडलेली नाही. आत भिंतीवर नवी कामं होती, परभणीकडची दोन कॉलेजची मुलं वहीत काहीतरी उतरवून घेत होती. पत्र्याचं शेड मात्र रिकामंच आहे. तिथे त्यांनी आजवर दुसरं काही लावलेलं नाही. भिंतीवरच्या चिठ्ठीत लिहिलंय: 'दहावी. लोखंड, नऊ नावं. पोलीस अहवालानुसार हे शिल्प चोरीला गेलेलं नाही. आपल्याला दिसलं तर कळवावं.' समोरच्या रस्त्यावरून शाळा सुटलेल्या मुली चालल्या होत्या. दोघी थांबल्या, वाचलं, हसल्या, पुढे गेल्या.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. केस पिकलेत. मला ओळखलं.

"साहेब."

"थोडं बोलायचं होतं."

"माझ्याशी?"

"हो."

"सांत्वन असेल तर नको, ते गावभर मिळतं. दुसरं काही असेल तर तेही मला नका सांगू." रस्त्यापलीकडे कोर्टाची इमारत दिसते, तिकडे त्यांनी मान वळवली. "त्यांना सांगा. चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. घ्यायला हवा होता का, हे अजून ठरवता येत नाही.

हे लिहितोय हे कळल्यावर तेव्हा त्याच ठाण्यात असलेल्या आणि मी न सांगताही सगळं ओळखून असलेल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. "अरे, कशाला उकरतोस? जमादार वारला, साहेब लोक निवृत्त झाले, फाइल पण नष्ट झाली असेल. स्वतःच्याच हाताने पेन्शनवर पाणी सोडशील." मी म्हटलं, सोडेन. तो म्हणाला, खात्याची बदनामी होईल. बदनामी मी केली तेव्हा खात्याने मला प्रशस्तिपत्र दिलं. आता खरं सांगतोय तर खात्याने तेवढं सोसावं. कुणाला माझ्यावर गुन्हा नोंदवायचा असेल तर त्याने नोंदवावा. माझं नाव या लेखावर आहे, पत्ता खात्याकडे आहे. बाईंनी जे मागितलं आणि मी दिलं नाही, ते मला द्यावं: खटला. मी माफी मागत फिरणार नाही. माफी मागितली की समोरच्यावर ती देण्याची जबाबदारी येते, आणि त्या बाईंवर मी पुरेसं लादलंय.

या प्रकरणाने काय शिकवलं? नव्या अधिकाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. फिर्यादी जो शब्द वापरतो तोच लिहा, कळला नाही तर विचारा, हसू नका. आणि आवारातल्या वस्तूवर नाव लिहिलेलं असेल तर थांबा. एवढं मी थांबलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. बाकी शिकवण वगैरे मोठा शब्द आहे. मला चूक झाली तेव्हाच समजली होती. समजल्यावर मी दीड पान लिहिलं, हे माझं खरं प्रकरण.

लेख म्हणजे जबाब नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. लेखावर शपथ नसते, लेखाने समरी बदलत नाही. त्या बाईंची फिर्याद खरी होती, त्यांनी बनाव केला नव्हता, आणि त्या नऊ सायकली माझ्या हुकुमाने भट्टीत गेल्या, हे न्यायालयापुढे शपथेवर सांगण्याचं देणं मी लागतो. नऊ घरी जाऊन नऊ मुलींना तेच तोंडाने सांगण्याचं देणंही लागतो. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.